गोठ्यातली भट्टी

आमच्या घरात आधी माती आली, मग चाक आलं आणि सर्वांत शेवटी भट्टी. पण या सगळ्यांच्याही आधी आले ते चहाचे भाँड. बाबांची बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी आम्हाला चहा पाजला, तो मातीच्या इवल्याशा पेल्यांतून. त्यालाच तिथे भाँड म्हणतात. चहा संपल्यावर बाबांनी इतरांचं पाहून आपला भाँड रस्त्याच्या कडेला भिरकावला, त्याचे तुकडे झाले, आणि आई भर बाजारात ओरडली, "अहो, चांगलं भांडं फोडलंत!" आपला भाँड तिने पदराआड लपवून घरी आणला. पुढे हे रोजचंच झालं. फडताळात ओळीने भाँड उभे राहिले. त्यांत मोहरी, जिरं, मेथ्या, सुपाऱ्या, बाबांची सदऱ्याची बटणं आणि माझ्या पेन्सिलींची टरफलं अशी सरमिसळ नांदू लागली. एके दिवशी फडताळाचं दार लागेना, तेव्हा बाबा म्हणाले, "तू स्वतःच करायला शीक बाई, म्हणजे निदान लागतील तेवढेच होतील." बाबांनी हे चेष्टेत म्हटलं होतं. आईची गोष्ट अशी होती की चेष्टेत सांगितलेलं काम ती सर्वांत आधी करायची.

बालिगंजला एका बाईंकडे दुपारी बायकांचा मातीकामाचा वर्ग चालायचा. आई तिथे ट्रॅमने जाऊ लागली आणि संध्याकाळी कोपरापर्यंत राखाडी होऊन परत येऊ लागली. आम्ही बेहालाला एका दुमजली घरात खाली राहायचो. वर घरमालकीण, माशीमा. त्या विधवा होत्या, काठ नसलेलं पांढरंशुभ्र लुगडं नेसायच्या, तिथे त्याला थान म्हणतात, आणि मासे-मटण वर्ज्य असल्यामुळे निरामिष भाडेकरू शोधत होत्या. आमची पिठलं-भात खाणारी मंडळी त्यांना आयतीच सापडली. घरामागे त्यांचं तळं होतं, दगडी पायऱ्यांचा घाट असलेलं, आणि तळ्याच्या काठी एक रिकामा गोठा. गाय कधीचीच गेली होती, पण माशीमा अजून तिचं नाव घेऊन उसासा टाकायच्या. आईने गोठा मागितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तोर मा की कोरबे ओखाने?" तुझी आई तिथे करणार काय? मी म्हटलं, वाट्या. त्यांना ते अगदीच निरुपद्रवी वाटलं असावं, कारण किल्ली लगेच मिळाली.

बाबा खिदिरपूरला गोदीत कस्टममध्ये होते. कुठलीही गोष्ट उलटीपालटी करून, वास घेऊन, ठोकून पाहिल्याशिवाय ती खरी आहे हे त्यांना पटायचं नाही, मग ती जहाजावरची पेटी असो की बाजारातला पडवळ. आईच्या वेडात ते पडले ते याच स्वभावामुळे. रविवारी आम्ही तिघं खिदिरपूरच्या भंगारवाल्यांच्या गल्लीत जायचो. जुन्या जहाजांचं सगळं पोट तिथे रस्त्यावर मांडलेलं असायचं: पितळी कड्या, गोल खिडक्या, दोरखंड, कपबशा. तिथूनच माती मळायच्या टेबलावर ताणायला जाड कॅनव्हास आला, त्याला खारट वास यायचा. तिथूनच एका बॉयलरमधल्या पिवळट विटा आल्या, कितीही तापल्या तरी न तडकणाऱ्या. बाबा एकेक वीट उचलून कानाशी धरायचे, बोटाच्या पेराने ठोकायचे आणि "ही घ्या" किंवा "ही नको" म्हणायचे. भंगारवाला हसून हसून बेजार व्हायचा, पण पुढच्या रविवारी चांगल्या विटा आमच्यासाठी वेगळ्या काढून ठेवायचा. चाकाची कथा निराळीच. विजेवरचं चाक घ्यायचं आईच्या मनात होतं, पण ज्या शहरात जेवायला बसलं की दिवे जायचे तिथे विजेच्या भरवशावर कोण राहणार? मग बेहालाच्याच एका गॅरेजातून ट्रकचं जुनं जडच्या जड फिरतं चाक आणलं, ते खाली बसवलं, वर लाकडी तबकडी. खालचं चाक पायाने ढकलायचं, वरचं आपोआप फिरायचं. लोडशेडिंग झालं की सगळ्या गल्लीतून एक मोठा "आ:" असा सुस्कारा यायचा, पंखे थांबायचे, रेडिओ गप्प व्हायचे आणि आमच्या गोठ्यातून मात्र चाकाची घरघर चालूच असायची. आईला त्याचा फार आनंद व्हायचा. "बघ, सगळं कलकत्ता बंद आहे आणि मी चालू आहे," ती म्हणायची.

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते आणि माती मळायचं काम माझ्याकडे होतं. गंगेची माती दोन प्रकारची यायची, एक चिकट आणि एक वाळूची. दोन्ही भिजवायच्या, गाळायच्या, एकत्र करायच्या आणि मग कॅनव्हासवर कणीक तिंबावी तशा तिंबायच्या. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर भट्टीत भांडं फुटतं. मळलेला गोळा आई तारेने मधोमध कापायची आणि दोन्ही फाकींकडे अशी रोखून पाहायची की मला परीक्षेचा निकाल बरा वाटायचा. एखादं भोक दिसलं की "पुन्हा." मी कुरकुरायचे. मग ती पदराच्या टोकाला बांधलेली मुरी, म्हणजे तिथले चुरमुरे, मूठभर माझ्या तोंडात कोंबायची, कारण माझे हात भरलेले असायचे. तिन्हीसांजेला वरून माशीमांचा शंख वाजायचा, घराघरांतून कोळशाच्या शेगड्या पेटायच्या आणि त्या धुरात आम्ही मायलेकी तळ्यावर हात धुवायला उतरायचो. माझं सगळं आयुष्य पुढे वेगवेगळ्या गावांत गेलं, पण सुख म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मला अजून त्या चुरमुऱ्यांची चव आठवते, आणि तिच्यात थोडीशी माती असते.

भट्टी बाबांनी आणि आईने मिळून रचली. पहिल्यांदा पेटवली त्या सकाळी आम्ही तिघांनी नारळ फोडला. दुपारी आतून फटाके वाजावेत तसे आवाज येऊ लागले, म्हणजे माझ्या मळण्यातले बुडबुडे जागे झाले होते. धूर गोठ्याच्या कौलांतून बाहेर पडला आणि सरळ वर गच्चीकडे गेला. गच्चीवर माशीमांची थानं वाळत होती आणि त्यांच्या शेजारी, चटईवर, त्यांनी घातलेल्या डाळीच्या वड्या. ज्यांना बोडी म्हणतात त्या. आपल्या सांडग्यांच्याच बहिणी. संध्याकाळी माशीमा खाली उतरल्या त्या एका हातात ठिपक्याठिपक्यांचं थान आणि दुसऱ्या हातात काळवंडलेल्या वड्यांचं सूप घेऊन. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बौमा," सुनेला म्हणतात तशी त्यांनी आईला हाक मारली, "पूजो पोर्जोन्तो. तार पोर ए शॉब शोराते होबे." दुर्गापूजेपर्यंत मुदत. त्यानंतर हे सगळं हलवायचं. बाबा पुढे झाले आणि म्हणाले, "जी, माशीमा. पूजेनंतर मी स्वतः विटा काढीन." त्यांनी शब्द दिला, आणि बाबांनी दिलेला शब्द मागे घेतलेला आम्ही कधी पाहिला नव्हता.  आईने त्या गरम विटांवर हात ठेवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला त्या क्षणी माशीमांचा भयंकर राग आला, आणि आईची त्याहून जास्त कीव.

बाबांनी नंतर जहाजावरचं एक पत्र्याचं नळकांडं आणून उंच धुराडं उभारलं, आई वाऱ्याची दिशा पाहून भट्टी पेटवू लागली, थानं पांढरीच राहिली. तरी माशीमांची मुदत हलली नाही. जिन्यात भेटल्या की त्या भाव विचारावा तशा सहज म्हणायच्या, "पूजो तो एशे गेलो." पूजा आलीच की! एकदा मात्र त्या तुळशीची कुंडी लिंपायची म्हणून आईकडून मळलेल्या मातीचा गोळा मागून घेऊन गेल्या. एवढ्याशा कुंडीला एवढी माती कशाला, असं मला वाटलं होतं.

पूजेच्या आधी गणपती येतात. बेहालाच्या बाजूला राहणारी आम्ही मोजकी मराठी घरं मिळून एकच गणपती बसवायचो, जवळच राहणाऱ्या नाना दाबक्यांकडे. नानांच्या आजोबांपासून सगळे कलकत्त्यातच. नाना मराठी अस्खलित बोलायचे, पण बोलताना बंगाल्यांसारखे चहाही खायचे आणि पाणीही खायचे. मूर्ती दरवर्षी मुंबईहून कुणाच्या तरी मांडीवर बसून यायची आणि विसर्जन माशीमांच्या तळ्यात व्हायचं. त्या वर्षी मूर्ती आली ती सोंड एका कागदात आणि बाकीचा देह दुसऱ्या कागदात अशी. नाना हवालदिल होऊन आमच्याकडे आले. "आता काय करायचं, वहिनी? चतुर्थी तर तोंडावर आली."

"मी करते," आई म्हणाली.

नानांनी चहाचा पेला खाली ठेवला. आमच्या मंडळींत आईच्या मातीकामाला 'चिखलातला खेळ' म्हणायचे, प्रेमानेच, पण म्हणायचे. आईला ते ठाऊक होतं. मूर्तीसाठी तिने जे हात चालवले ते मी विसरणार नाही. बैठक, पोट, सोंड, कान, सगळं ठसठशीत, हातभर उंचीचा, आणि चेहऱ्यावर आत्ताच जेवून उठल्यासारखं समाधान. पण भाद्रपदातली कलकत्त्याची हवा! मीठ वाटीत पाणी होऊन बसायचं, तिथे एवढी मूर्ती वाळणार कधी आणि ओल्या मातीवर रंग चढणार कसा? आईने उपाय काढला. तिने मूर्ती मधोमध कापून आतून चमच्याने कोरली, पोकळ केली, पुन्हा सांधली, बैठकीला हवा जायला बारीक भोक ठेवलं, गोठ्यात शेकोटीजवळ सुकवली आणि भट्टीत घातली. नानांना कळलं तेव्हा ते धावतच आले. "अहो वहिनी, देवाला भाजतात का कुठे?"

"इथली देवळं कशाची आहेत नाना? भाजलेल्या मातीचीच ना? देऊळ भाजलेलं चालतं, मग देव का नाही?"

 बाबांनी भाजून निघालेली मूर्ती पोटावर ठोकून पाहिली. ती खणखणीत वाजली. "पक्की आहे," बाबा अभिमानाने म्हणाले. आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही. पडवळसुद्धा वास घेतल्याशिवाय न घेणारे बाबा, तीन पिढ्या गणपती बसवणारे नाना, देवाला भाजतात का म्हणून भांडणारी ती सगळी शहाणी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की पक्की मूर्ती पाण्यात विरघळत नाही.

पाच दिवस नुसती वाहवा झाली. ज्या बायका चिखलातला खेळ म्हणायच्या त्या आईला विचारू लागल्या की डोळे कसे रेखलेस. माशीमाही दर्शनाला आल्या. मोदक हातात घेऊन म्हणाल्या, "ओमा, ए तो आमादेर पुली!" ही तर आमची पुली, नारळ भरून उकडतात तीच, आणि एक खाऊन दुसरा मागून घेतला. आई मला म्हणाली, "कदाचित राहील गं भट्टी." मग पाचव्या दिवशी नानांनी उत्तरपूजा केली, आम्ही झांजा वाजवत तळ्यावर गेलो, बाबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले, मूर्ती तीनदा बुडवून वर काढली आणि सोडली. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!" आम्ही गजर केला, आणि बाप्पा तेवढंही थांबले नाहीत. तिथल्या तिथे वर आले. पोकळ पोट आणि सोंड आकाशाकडे करून ते पाण्यावर उताणे पडले आणि निवांत तरंगू लागले.

झांजा आपोआप थांबल्या. बाबांनी पुन्हा बुडवले, ते पुन्हा वर आले. कुणीतरी बांबू आणून दिला, बाबांनी बांबूने दाबलं तर बाप्पा एका कुशीवर झाले आणि सटकून पलीकडे गेले. लहान मुलं खिदळायला लागली.  कुणाच्या तरी सासूबाई "अशुभ आहे हो" म्हणाल्या. नाना काठावरून हलक्या आवाजात म्हणाले, "पोटाला एक भोक पाडलं तर..." आणि आईचा चेहरा पाहून थांबले. आई घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होती, तिची एकुलती एक पैठणी नेसून, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ठाऊक होतं की ती गणपतीसाठी रडत नव्हती. पूजा तोंडावर आली होती, आणि ज्या कामाने भट्टी वाचली असती त्याच कामाचं सगळ्यांसमोर हसं झालं होतं.

मग तिने डोळे पुसले आणि पायऱ्या उतरून खाली आली. "नाना, उत्तरपूजा झाली ना? आता ती मूर्ती म्हणजे नुसती माती, असंच ना?"

"हो. पण माती पाण्यात मिसळायला हवी, वहिनी. त्याशिवाय विसर्जन कसलं?"

आई शेवटच्या पायरीवर बसली, पैठणीचा पदर खोचला, पाण्यात हात घालून काठची माती काढली आणि दोन्ही तळव्यांत घेऊन ती मळू लागली.  तिचा अंगठा फिरला, पोट झालं. चिमटीत माती ओढली, सोंड झाली. दोन बोटांनी कान दाबले. जमलेल्या बायकांपैकी एकीनेही तोवर तिला काम करताना पाहिलं नव्हतं, आणि आता सगळ्या वाकवाकून पाहत होत्या. मुठीत मावेल एवढा गणपती तिने नानांच्या हातावर ठेवला. नानांनी त्यावर अक्षता वाहिल्या आणि त्यांनीच तो पाण्यात सोडला. क्षणभर दिसला, मग पाण्यात धुरकट ढग झाला, मग नुसतं पाणी राहिलं. "मोरया" पहिल्यांदा म्हणाले ते नाना, आणि मग जो गजर झाला तो पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

या गडबडीत मोठे बाप्पा तरंगत घाटाच्या दुसऱ्या टोकाला लागले होते. तिथे माशीमा उभ्या होत्या. त्यांनी वाकून मूर्ती उचलली आणि थेट छातीशी धरली. रंग सुटत होता. त्यांच्या पांढऱ्या थानावर शेंदरी, पिवळे, हिरवे ओघळ उतरत होते आणि त्या रंगांखालून भाजलेली तांबडी माती दिसू लागली होती. "ओमा, ए तो जेतेई चाय ना!" हा तर जायलाच तयार नाही, असं म्हणत त्या त्याला घेऊन घरी निघूनही गेल्या. त्या काजळीच्या ठिपक्यांवरून आमचं काय झालं होतं ते आठवून मी आईकडे पाहिलं. तीही त्या थानाकडेच पाहत होती.

पण मुदत ती मुदत. माशीमा त्याविषयी अवाक्षर बोलल्या नाहीत आणि बाबा शब्दाला जागणारे. पूजा आली, ढाक वाजले, देवी गंगेला गेल्या. विजयेला, म्हणजे दसऱ्याला, धाकट्यांनी थोरांच्या पाया पडायचं असतं, म्हणून आम्ही वर गेलो. माशीमांनी आमच्या हातावर नारळाचे लाडू ठेवले. कोनाड्यात आमचे बाप्पा बसले होते, जास्वंदीचं फूल घालून. बाबा म्हणाले, "माशीमा, उद्यापासून विटा काढतो." त्या लाडवाचा डबा झाकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी खरोखरच धुराडं उतरवलं आणि वरच्या थरातल्या विटा काढून भिंतीशी रचू लागले. आई चाकाजवळ पाठ करून बसली होती. मी रडत होते, आणि लपवत नव्हते.

तेवढ्यात गोठ्याच्या दारात माशीमा आल्या. हातात पितळी ताट, त्यावर फडकं. ताट त्यांनी आईसमोर ठेवलं आणि नववधूने मुखडा दाखवावा तसं लाजत फडकं बाजूला केलं. खाली एक बटाटा होता. निदान मला तरी तो बटाटाच वाटला. मग त्याला दोन वाटोळे डोळे दिसले, एक चोच दिसली आणि नखाने ओढलेली पिसं दिसली. ते लक्ष्मीचं वाहन, घुबड होतं. तुळशीची कुंडी अजून तशीच फुटकी असणार हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"लोक्खीपूजोर आगे पुडिये दिते पारबे, बौमा?" कोजागिरीच्या लक्ष्मीपूजेच्या आधी भाजून देशील का?

आईने घुबड उचलून हातात तोललं. इतकं मन भरून आलेलं असतानाही तिला राहवलं नाही. "माशीमा, हे भरीव आहे. भट्टीत फुटेल. आतून कोरायला लागेल."

माशीमांनी विटांच्या ढिगाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मग आईला बोट दाखवून ताकीद दिली, "कोरो. किन्तु देखो, भेशे जेनो ना जाय!" कोर बापडी, पण बघ हं, माझं घुबड तरंगत निघून जायला नको.

बाबांच्या हातात एक वीट होती. ती त्यांनी कानाशी धरली, बोटाने ठोकली, आणि भट्टीवर जिथली होती तिथे परत ठेवली.